आबांचा पाट

भुकूमच्या हैबतरावांना टीव्हीचा भारी नाद. त्या नवरात्रात तर चॅनेलवाल्यांना एकच विषय सापडला होता: घरबसल्या बनते प्लास्टिकची खरी बंदूक! लाल अक्षरं, ढणढण संगीत, आणि निवेदक असा ओरडायचा, जणू त्याच्याच खुर्चीखाली कुणी ती ठेवलीय.

"बंद करा ते," रंभाबाई म्हणायच्या. "त्याच्या बोंबलण्यानं माझ्या कडाकण्या करपल्या."

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी सायली हिंजवडीत नोकरीला होती. तिच्याकडं एक यंत्र होतं. दोऱ्यासारखं प्लास्टिक वितळवून ते थरावर थर रचायचं आणि वस्तू घडवायचं. रंभाबाईंच्या मिक्सरचं तुटलेलं बटण तिनं त्यावरच करून दिलं आणि त्या दिवसापासून ती घरची लेक झाली. दसऱ्यासाठी ती सोलापूरला निघाली, तेव्हा रंभाबाईंनी यंत्र खाली देवघरात आणवलं.

"पोटापाण्याचं हत्यार हाय तुझं. खंडेनवमीला त्याला बी हळदकुंकू नको व्हय?"

सायली हसली. यंत्राची विजेची वायर मात्र आठवणीनं बॅगेत घालून घेऊन गेली.

पाटावर कोयता, विळे, पहार, ट्रॅक्टरची किल्ली आणि कडेला यंत्र. शेजारचा लांब पाट रिकामा, वर झेंडूचं एकच फूल. तो आबांच्या बंदुकीचा पाट. आबा म्हणजे हैबतरावांचे वडील. रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक बाळगायचे. करंगळी वाकडी, पण नेम चुकेल तर शपथ! पंचेचाळीस वर्षांपूर्वी धरणातून होडीनं येताना बंदूक पाण्यात पडली, तिच्यामागं आबांनी उडी घेतली, आणि दोघांपैकी कुणीच वर आलं नाही.

नवमीला दुपारी पोलीसपाटील जनार्दन आला. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून म्हणाला, "हैबत, तुझ्या भाडेकरणीच्या यंत्रावर बंदुका व्हत्यात, आसा कुणीतरी चॅनेलला फोन लावलाय. उद्या सकाळी फौजदार येतोय, मागं क्यामेरं. काय घावलं तर पोरगी आयुष्यातनं उठंल बघ."

"खुशाल येऊ दे. बटणापल्याड काय घडलं न्हाई त्यावर."

"यंत्र तरी हलीव."

"पाटावरचं हत्यार दसऱ्याच्या आरतीपतुर हालत न्हाई. आमच्या घरची रीत तुला ठावं हाय."

दिवेलागणीला देवघरातून बारीक घरघर ऐकू आली. वितळल्या प्लास्टिकचा वास, आणि त्याखाली दुसरा एक, ओल्या गाळाचा. हैबतराव डोकावले. यंत्राच्या तबकडीवर बोटाएवढा वाकडा तुकडा होता. बंदुकीचा चाप.

"पोरीनंच कवातरी केला आसंल," रंभाबाई म्हणाल्या.

पण त्या तबकडीला सकाळी कुंकू हैबतरावांनी स्वतः लावलं होतं. तेव्हा ती रिकामी होती. तुकडा अजून कोमट लागत होता. फेकून द्यावा म्हणून त्यांनी हात पुढं केला, आणि मागं घेतला. पाटावरचं उचलायचं नाही.

सकाळी आंघोळ करून ते देवघरात आले, तर आबांच्या पाटावर अख्खी बंदूक होती.

पांढरी, प्लास्टिकची. दस्त्यावर एक खाच. सात वर्षांचे असताना त्यांनीच ती अडकित्त्यानं पाडली होती. आबांनी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

खाचेत पाणी होतं.

गल्लीत गाडी थांबली. आरतीला अजून वेळ होता.

फौजदार आला, मागून जनार्दन, कॅमेरा. हैबतराव दारात आडवे झाले. "सायब, बंदूक हाय. माझ्या बापाची. पोरीचा काडीचा संबंध न्हाई. नेयाचं तर मला न्या."

फौजदारानं आत पाहिलं.

"कुठाय बंदूक?"

"ती काय, पाटावर."

"आजोबा, फूल आहे ते."

त्यानं फूल उचललं, खाली ठेवलं आणि हात रुमालाला पुसला. मग पुन्हा पुसला. "पाटावर एवढं पाणी कुठनं आलं?"

यंत्राची रिकामी तबकडी बघून तो जनार्दनबरोबर बाहेर पडला. कॅमेरेवाले तोंड पाडून निघून गेले.

टीव्हीवर बघून सायलीचा फोन आला. "काका, मशीनला काही केलं नाही ना त्यांनी?"

"न्हाई गं पोरी. तू निवांत ये. खोली तुझीच हाय."

हैबतरावांना लई दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पोरीवरचं गंडांतर टळलं होतं, कडाकण्या यंदा खुसखुशीत झाल्या होत्या, आणि बंदूक तर आपल्या जागी होती. ते पाटासमोर मांडी घालून बसले.

घरघर पुन्हा सुरू झाली.

तबकडीवर थरावर थर चढत होता. पेर, मग नख. वाकडी करंगळी.

हैबतराव शांतपणे बघत राहिले. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "रंभा, चा टाकतीयास न्हवं? एक कप वाढीव ठिव."