गोधडीखालची सायकल

शुभदाआजी गेल्याचा निरोप आला त्या मंगळवारी नाना घावणे घालत होते. निरोप आधी घंगाळला मिळाला. घंगाळ म्हणजे घरातला यंत्रमानव. बुटका आणि पोटाने गोल, म्हणून नातीने त्याला हे नाव ठेवलेलं. घंगाळने पहिल्यांदा शेगडी बंद केली, मग नानांच्या मागे खुर्ची आणून ठेवली, आणि मग सांगितलं. वेंगुर्ल्यापासून चाळीस मैल आत, समुद्रावर तरंगणाऱ्या वीजकेंद्रात आजी काम करायची. तिथेच पहाटे तिचं हृदय थांबलं होतं.

"ती शुक्रवारी येणार होती," नाना म्हणाले.

"हो," घंगाळ म्हणालं.

त्या आठवड्यातच नानांनी पडवीतल्या आजीच्या सायकलवर आजीचीच गोधडी घातली आणि सुंभाने गच्च बांधली. धूळ बसू नये, वारा लागू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. चार महिने त्यांनी तिला कोणाला हात लावू दिला नाही.

मे महिन्यात नात निहारा सुटीला आली. ती दहा वर्षांची होती आणि याच सायकलवर तिला सायकल शिकायची होती. दोन दिवस ती नानांच्या मागे मागे फिरली, तेव्हा कुठे त्यांनी सुंभ सोडला. गोधडी निघाली आणि दोघं बघतच राहिली. हँडल, मडगार्ड, चाकांच्या रिंगा, जिथे जिथे आरशासारखं क्रोम होतं तिथे तिथे तांबूस चट्टे उठले होते.

नाना बाहेर गेले. जुनं लोखंड गोळा करणारी सौरनौका दर शनिवारी धक्क्याला लागायची. तिच्या यादीत ते सायकल लिहून आले. "माझ्या हातून नासली ती," ते म्हणाले. "आता बघवत नाही गो."

शनिवारला दोन दिवस होते.

निहाराला एक कोडं सुटेना. अठ्ठावीस वर्षं आजी ही सायकल समुद्राच्या कडेने चालवत होती. तेव्हा गंज आला नाही. मग इतकी जपून झाकून ठेवल्यावर चार महिन्यांत कसा आला?

पण आधी गंज काढायला हवा होता. आजी तांब्याची भांडी आमसुलाने घासायची, हे निहाराला आठवत होतं. तिने बरणीतून मूठभर आमसुलं काढली. घंगाळने तिचा हात वरच्या वर धरला. आमसुलातलं आम्ल गंज सोडवेलही, ते म्हणालं, पण या आमसुलांना मीठ लावलेलं आहे, आणि सायकल नासवणारा चोर ते मीठच आहे. मग तिने तारेची घासणी उचलली. तीही त्याने काढून घेतली, कारण घासणीने क्रोमवर ओरखडे पडले असते.

"मग मी नुसती बघत बसू?"

"हो. आधी बघ."

दुपार होती. समोरचा समुद्र पेंगल्यासारखा हलत होता. घंगाळने पडवीची दारं लोटली, आपला भिंगाचा डोळा हँडलला टेकवला आणि पांढऱ्या भिंतीवर प्रकाश सोडला. भिंत नाहीशी झाली. तिथे एक रुपेरी माळ पसरला होता, दूरवर, कोणीच राहत नसलेल्या ग्रहासारखा. माळावर बारीक भेगा होत्या, मधेच खोल विवरं होती, आणि विवरांच्या तोंडाशी तपकिरी ढिगारे साचले होते. निहारा उठून भिंतीजवळ गेली. प्रकाश तिच्या अंगावर पडला आणि ती स्वतःच त्या माळावरून चालते आहे असं तिला वाटलं.

घंगाळ हळू आवाजात सांगू लागलं. हा माळ म्हणजे क्रोमियम (पोलादावर चढवलेला चकचकीत धातूचा पातळ थर). क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःभोवती ऑक्साइडची (धातू आणि ऑक्सिजन मिळून झालेल्या पदार्थाची) पारदर्शक साय धरतं. तिच्यामुळे ते सहसा खराब होत नाही.

"मग गंज कशाला आलाय?"

"क्रोमला नाही आला. खाली बघ."

तिने विवरात डोकावून पाहिलं. तळाशी पोलाद होतं. खारं पाणी भेगेतून तिथे पोचलं की लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज होतो. तो फुगतो, वर येतो आणि आजूबाजूचं क्रोम उचलतो. मीठ हे काम भराभर करवून घेतं. शिवाय ते हवेतला दमटपणा ओढतं. समुद्राकडच्या दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, वर्षानुवर्षं वाळत घातलेल्या गोधडीत मीठ भरलेलं होतं. उघड्यावर सायकल वाऱ्याने वाळायची. गोधडीखाली ती ओलीच राहिली.

नाना दारात उभे होते. ते कधी आले ते निहाराला कळलं नव्हतं.

"म्हणजे मी घातलेल्या गोधडीने केलं हे."

"मिठाने केलं, नाना," घंगाळ म्हणालं. "गोधडीने ते धरून ठेवलं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं ना," निहारा म्हणाली.

"तिला ठाऊक होतं. घरी असली की रोज कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल लावायची. माझ्या डोक्यापेक्षा सायकलीला तेल जास्त, म्हणून मी तिला चिडवायचो. कशाला लावतेस, हे कधी विचारलं नाही."

गंज फॉइलने आणि पाण्याने निघेल, असं घंगाळने सांगितलं. नाना आत गेले. निहाराला वाटलं, ते आता परत येणार नाहीत. पण ते पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉइल आणि पाण्याची वाटी घेऊन आले. घंगाळने सांगितल्याप्रमाणे निहाराने फॉइलचा बोळा केला, पाण्यात बुडवला आणि हलक्या हाताने हँडल घासलं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. गंज मात्र ठिसूळ असतो, तो सुटून येतो. फॉइलचा झिजलेला भुगा पाण्याशी मिळून करडा लगदा झाला आणि तोच बारीक पॉलिशचं काम करू लागला. भिंतीवरच्या ग्रहावर तपकिरी ढिगारे एकेक करून पुसले जात होते.

नानांनीही एक बोळा केला. शनिवारी सौरनौकेचा भोंगा वाजला तेव्हा दोघं पुढच्या मडगार्डवर होती. नाना करड्या हातांनीच धक्क्यावर गेले, यादीतलं नाव खोडून आले आणि पुन्हा घासायला बसले. मग सायकल गोड्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, आणि निहाराने तिला खोबरेल लावलं.

समुद्राला आत शिरता येणार नाही असा मुलामा कोणी केलाय का, असं तिने विचारलं. अजून नाही, घंगाळ म्हणालं. आजीचं वीजकेंद्रही दर वर्षी खरवडून रंगवावं लागतं.

"मी केला तर किती वर्षं लागतील?"

"ठाऊक नाही," ते म्हणालं. "पण भिंतीवरचा तो माळ तू पुन्हा कधीही बघू शकतेस."

हँडलच्या खालच्या अंगाला तीन ठिकाणी आता क्रोम नाही. गंज घरच्या वस्तूंनी निघतो, पण गेलेलं क्रोम घरी चढवता येत नाही. मागच्या चाकाची रिंग घासायची राहिली आहे. निहाराला सायकल अजून येत नाही.