एक दहाची सफाई

ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाला पटवायचं नाही. माझं डोकं फिरलंय, आणि हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. गेल्या बुधवारी, भर दुपारी, आमच्या गोदामाच्या ऑफिसात.

माझ्या ताईचे यजमान इथले कॉम्प्युटरवाले. दोन महिन्यांपूर्वी मालाची लिफ्ट कोसळली आणि भावजी गेले. मीही तेच काम करतो, म्हणून साहेबांनी मला त्यांच्या जागी घेतलं. मी उपकार मानले. गाढव कुठला!

पहिलंच काम सांगितलं, "शेअर्ड फोल्डरमधला जुना कचरा काढ. रोज आपोआप निघेल असं बघ."

मी कमांड लिहिली, वेळ लावली. दुपारी एक दहा, सगळे जेवायला गेल्यावर.

सोमवारी एक दहाला काम अडलं...

'परवानगी नाही.'

नेहमीचं दुखणं. आपोआप चालणारं काम वेगळ्याच खात्यावरून चालतं आणि त्या खात्याला फोल्डरचा अधिकार नसतो. तो दिला.

मंगळवारी बाकी सगळं पुसलं गेलं. एकच फोल्डर हटेना.

"एवढंही जमत नाही?" साहेब सगळ्यांसमोर ओरडले. "तुझ्या भावजींनीच घोळ घालून ठेवलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुधवारी मी कमांड स्वतः हाताने चालवली. माझ्या खात्याला सगळे अधिकार होते.

'परवानगी नाही.'

"काय करून ठेवलंत भावजी!" मी रिकाम्या ऑफिसात ओरडलो.

दुसऱ्या कुणी उघडून ठेवलेला फोल्डर कधीकधी पुसता येत नाही, म्हणून तो कुणी उघडलाय ते सर्व्हरला विचारलं. एकच नाव आलं...

भावजींचं.

त्यांचं खातं ते गेले त्याच दिवशी साहेबांनी बंद करायला लावलं होतं.

नावापुढे त्यांच्या कॉम्प्युटरचा नंबर. तो तर अडगळीच्या खोलीत, कपाटात पडलेला.

तिथे गेलो. सगळं चिडीचूप.

मग कपाटातून... टक... टक... कळा दाबल्याचा आवाज.

दार उघडलं. आवाज थांबला. कॉम्प्युटरला ना वायर, ना डिस्क. हात लावला...

गरम होता.

धावत जागेवर आलो आणि तो फोल्डर उघडला. यावेळी पुसायला नाही, वाचायला.

लगेच उघडला.

आत भावजींनी साहेबांना पाठवलेली चार पत्रं. लिफ्टचा ब्रेक घसरतोय, माणसं चढवू नका. सोबत फोटो. शेवटचं पत्र ते गेले त्याच्या आदल्या दिवशीचं.

मी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं.

"ते वाचायचं काम तुझं नाही," मागून साहेब म्हणाले. "पूस."

"तुम्हीच पुसा ना! हिंमत असेल तर पुसा!"

त्यांनी कळ दाबली. पुन्हा दाबली. पडद्यावर तेच... 'परवानगी नाही.'

मी नोकरीला लाथ मारून बाहेर पडलो. ताईने पेनड्राइव्ह पोलिसांकडे दिला आहे.

कपाटातला तो आवाज काय होता, मला अजून कळलेलं नाही. भर दुपारीसुद्धा तो कानात वाजतो.

ताई सारखी म्हणते, "तू होतास म्हणून सापडलं रे ते."

तीन दिवस ते पुसायला मीच धडपडत होतो, हे तिला अजून सांगितलेलं नाही.