टोकाला बोट नव्हती

ते उपग्रहाचं चित्र तिसरं होतं की चौथं, हे सरांना आता खात्रीने सांगता येत नाही. वयानुसार आठवणी एकमेकींत मिसळतात, आणि स्वतःवर विश्वास ठेवणं त्यांना तरुणपणीही कधी धड जमलं नव्हतं. ती उजळ रेघ मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

दादा, म्हणजे सरांचे थोरले भाऊ, मासेमारीची बोट घेऊन गेले ते परतलेच नाहीत. शोध झाला, मग थांबला. वहिनींनी गच्चीवरचा पिवळा दिवा तेवढा चालू ठेवला. दादा त्या दिव्यावर नजर ठेवूनच बोट बंदरात आणायचे.

सरांचं काम समुद्राच्या रडारचित्रांचं. उपग्रह वरून लहरी सोडतो, काही उभ्या, काही आडव्या. ढग असोत की अंधार, त्या पाण्यावर आपटून परततात. दोन्ही ताडून पाहिल्या की पाणी कुठलं आणि लोखंड कुठलं, ते कळतं. तेव्हा सर तेलाचा एक तवंग तपासत होते. तवंगाखाली लहान लाटा निजतात, म्हणून तो चित्रात काळा दिसतो. त्या काळ्यात एक बारीक, उजळ फाटा पडला होता, बोटीमागे पाणी दुभंगतं तसा. टोकाला बोट नव्हती.

"गाडीचा पत्ता नाही आणि धूळ उडतेय, सर," शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या.

चालती बोट रडारला आपल्या वाटेपासून जरा बाजूला दिसते. सरांनी दोन्ही बाजू धुंडाळल्या. लोखंडाचा ठिपका कुठेच नव्हता. नुसतं पाणी. उपग्रह पुन्हा डोक्यावरून गेला, तेव्हा फाटा किनाऱ्याकडे सरकलेला होता. सरांनी पट्टी लावून पाहिली. रेघ नेमकी वहिनींच्या गच्चीवर जात होती. यंत्राचा दोष असेल, आपल्या हिशेबाचा असेल, नाहीतर डोळ्यांचा...

त्याच आठवड्यात, भर दुपारी, वहिनी ऑफिसात आल्या. सर उठून संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. बंद खोलीत डिझेलचा वास आला. वहिनींच्या कपड्यांना असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

वहिनी म्हणाल्या, सगळे दिवा बंद कर म्हणतात, मुलगी तर रोज रडते. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही शिकलेले, भावजी. तुम्ही सांगाल ते ऐकेन. ते... येतायत का?"

सरांच्या मागे ती रेघ उजळत होती. पण एका रेघेवर या बाईला किती वर्षं जागवायचं?

"दिवा बंद करा, वहिनी. झोपा आता."

वहिनींनी मान डोलावली. दारातून निघताना पुटपुटल्या, "मला वाटायचं... इंजिन ऐकू येतंय."

पुढच्या चित्रात रेघ नव्हती. बंदराच्या तोंडाशी पाण्यावर एक कडं होतं, स्वतःभोवतीच वळलेलं, वाट हरवलेलं माणूस एकाच जागी फिरत राहतं तसं.

सर धापा टाकत वहिनींच्या घरी गेले, जिना चढले आणि स्वतःच्या हाताने दिवा लावला. वहिनी खालीच उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या चित्रांत समुद्र कोरा होता.

वहिनी गेल्या, त्याच्याही पुढे काही वर्षांनी बंदराच्या तोंडाशी गाळ उपसताना दादांची बोट वर आली. जिथे ते कडं होतं, तिथेच. सर काठी टेकत पाहायला गेले. सगळ्या बोटीवर शिंपल्यांचा थर चढला होता, मागचा पाणी कापणारा पितळी पंखा तेवढा लखलखत होता. पितळेवर शिंपले कमीच धरतात, सरांनी मनाशी म्हटलं. पंख्याचा दांडाही गुळगुळीत होता, गंजाचा ठिपका नाही.

"कालपर्यंत फिरत असल्यासारखा आहे," तिथला मेकॅनिक म्हणाला. मग कसंनुसं हसला. "लोखंडाचा असता तर गंजला असता. हाही पितळेचाच असणार, काका."

सर घरी जाऊन चुंबक घेऊन आले. तो दांड्याला लावला आणि हात सोडला.

चुंबक चिकटून राहिला.