कोरं कार्ड

चित्रांची चाचणी ती दुपारच्या चहानंतर घेई. विसराळूपणाच्या पलीकडे गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचं ते केंद्र, वरच्या मजल्यावरची तिची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. एकेक चित्र दाखवायचं आणि त्यावर गोष्ट सांगायला लावायची. आज वार कोणता हे ज्यांना सांगता येत नाही, तेही चित्राकडे बघून मनातली भीती बरोबर बाहेर काढतात, असा तिचा अनुभव होता. तिने मात्र काही सुचवायचं नाही. गोष्ट अडली की एवढंच म्हणायचं, "मग?"

शेवटचं कार्ड कोरं. त्यावरचं चित्रसुद्धा समोरच्यानेच कल्पायचं.

शिंपीकाकांना स्वतःची लेक ओळखू येत नव्हती. सिस्टरला ते सूनबाई म्हणत. "नवरा तरी दाखवा एकदा," म्हणत सिस्टरने त्यांना खुर्चीत बसवलं आणि ती गेली.

कोरं कार्ड काकांनी कापडाचा पोत बघावा तसं चाचपलं.

"खोली आहे. लहान मुलाचा कठड्याचा पलंग. एक गज मोडलाय, हिरव्या चिंधीने बांधलाय. शिवलेली नाही, नुसती गाठ मारलीय."

तिचं पेन थांबलं. घरी तिच्या लेकीच्या, ठमीच्या पलंगाचा गज तिनेच बांधला होता, जुनी ओढणी फाडून. बोलण्याच्या ओघात आपणच कधी सांगितलं असेल, तिने स्वतःला समजावलं.

"मग?"

"मुलगी झोपलीय. कोपऱ्यात एक बाई उभी आहे. भिंतीकडे तोंड करून."

"मग?"

"वळतेय," काका म्हणाले आणि चहा मागू लागले.

दुसऱ्या दिवशी, एकेकाळी शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्या बायकांच्या विभागातून चाकाच्या खुर्चीशिवाय बाहेर पडत नसत. काकांशी त्यांची गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक चित्रात त्यांना उशिरा आलेला एक तरी विद्यार्थी सापडे आणि त्या त्याची हजेरी घेत. कोऱ्या कार्डापाशी मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"हळू बोला. पोर झोपलीय. आणि ती अजून पुरती वळली नाही. मान वळलीय, अंग राहिलंय."

"मग?" सवयीने तिच्या तोंडून गेलंच.

बाईंनी डोळे गच्च मिटले. "विचारू नका हो."

संध्याकाळी घरी तिने ठमीचा पलंग ओढत समोरच्या भिंतीला नेला. "पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघर हलवू या का?" नवरा हसला, पण दुसरी बाजू त्याने उचलली.

"पोर हल्ली दुपारची रडतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "उठली तरी गुपचूप पडून असते. गुणाची झालीय."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिने शिंपीकाकांनाच पुन्हा बोलावलं. काका सगळं विसरले असतील, काहीतरी भलतंच बोलतील, म्हणजे आपला जीव भांड्यात पडेल. काकांनी तिला ओळखलं नाही. तिने फक्त कोरं कार्ड पुढे केलं.

काका प्रसन्न हसले.

"बरं केलंत पलंग हलवलात. आता पोर तिच्या समोरच आहे, तिला वळायला नको."

"मग?" तिच्या ओठांवर आलं.

तिने ओठ आवळून धरले.

"विचारा की," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "विचारल्याशिवाय ती पुढे येत नाही. कुणीतरी विचारावं लागतं."

तिने कार्ड खणात टाकलं, कुलूप लावलं आणि तडक घर गाठलं. वाटभर एकच घोकत होती: मी विचारणार नाही. आता कधीच नाही. मी विचारलं नाही तर ती आहे तिथेच राहील.

सासूबाई टीव्हीसमोर होत्या. "आज लवकर? बरं झालं. ठमी केव्हाची जागी आहे, पण हाक म्हणून नाही. कुणी गोष्ट सांगत असावं तशी ऐकत बसलीय."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

ठमी पलंगात उभी होती. हिरवी चिंधी मुठीत. दाराकडे पाठ. मान वर करून ती समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती, कान देऊन.

मग खुदकन हसली.

"मग?" ठमीने विचारलं.