जीवरामचं तिसरं कडवं

"बेबाताई, तुमचा फोन," घरमालकीण कमलबाईनं जिन्याखालून हाक मारली.

भर दुपार होती. पदराला हात पुसत बेबाबाई खाली आली आणि तिनं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणालं नाही. कुणीतरी थेट गायला लागलं.

'पांझरामाय, सांग वं माले, मना धनी कोठे गया...'

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. चाल तिच्याच गाण्याची होती, पण त्या गाण्याला दोनच कडवी होती; हे तिसरं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि आवाज जीवरामचा होता; ती त्याला नाना म्हणायची. वैशाखात घरून निघालेला जीवराम अजून परतला नव्हता.

"नाना, कुठे आहात तुम्ही? नाना?"

गाणं थांबलं नाही. कडवं संपलं आणि फोन कट झाला.

"पितरांचे दिवस आहेत, ताई," तिचा चेहरा पाहून कमलबाई म्हणाली. "असल्या दिवसांत कुणाच्या हाकेला ओ देऊ नये."

'तुनी वाट देखस' हे गाणं जीवरामनं लिहिलं आणि चालही त्यानंच बांधली. साक्रीकडचा माणूस, गळा गोड. बेबाबाईनं ते गायलं धुळ्यात, छगनच्या स्टुडिओत. शेजारीच मंगल कार्यालय. वरात आली की बँडचा आवाज थेट आत यायचा आणि सगळ्यांना हात बांधून बसावं लागायचं. संक्रांतीला कॅसेट निघाली. लग्नसराई येईतो पारोळ्यापासून जामनेरपर्यंत एकही बँड असा उरला नाही, की जो ते गाणं वाजवत नव्हता. त्याच लग्नसराईत जीवराम नाहीसा झाला.

चौकीवर फौजदार अमरसिंग यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"आवाज नक्की त्याचाच?"

"हो, साहेब."

"मागे काही ऐकू आलं?"

"बँड. आपलंच गाणं वाजवत होता."

"शब्द काय होते कडव्याचे?"

बेबाबाईनं मान हलवली. "ते तोंडावर आणायची हिंमत होत नाही. कुणालाच सांगितले नाहीत."

फौजदारांनी सुस्कारा टाकला. "मग माणूस जिवंत आहे. त्याची बायको शेवंताबाई रोज इथे येऊन बसते, म्हणून उद्यापासून आसपासच्या विहिरी उपसणार होतो, गावात तसं कळवलंही होतं. आता थांबवतो."

शेवंताबाई दाराशीच बसली होती. "घरधनी माले न सांगता कोठेच जात नहीत, साहेब," एवढंच ती म्हणाली.

परतताना बेबाबाई स्टुडिओत गेली. छगन टेबलाशी चहा पीत होता.

"छगनशेठ, नानांचा फोन आला होता. नवीन कडवं म्हणून दाखवलं."

"बघा! आणि लोक काय काय बोलत होते." छगन हसला. "नदीला नवऱ्याचा पत्ता विचारणारी बाई लिहितो तो. असा माणूस मरत नसतो."

"तुमची शेवटची भेट कधी झाली?"

"संक्रांतीला, कॅसेट निघाली तेव्हा. त्यानंतर नाही."

बेबाबाई घरी आली. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराशी यायची. दोन दिवसांनी फोन पुन्हा वाजला. या वेळी ती काहीच बोलली नाही. तिनं कान देऊन ऐकलं. तेच कडवं. मागे तोच बँड. आणि 'धनी' या शब्दावर बँडमधली सनई घसरली. गेल्या वेळी घसरली होती, अगदी तिथेच.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि तशीच चौकीवर गेली. शब्दन् शब्द सांगितला. ऐकताना फौजदारांची मान हळूहळू ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फौजदार आणि दोन शिपायांबरोबर स्टुडिओत उभी होती. शिपायांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातून नाव नसलेली एक कॅसेट निघाली. लावली. जीवराम गायला लागला.

छगननं घाम पुसला. "जुनी टेप आहे, साहेब. तालमीतली."

"तालमीच्या वेळी हे गाणं कुठल्या बँडला येत होतं, छगनशेठ?" बेबाबाईनं विचारलं. "मागे ऐका. कॅसेट घरोघरी पोचल्यावरची ही टेप आहे. आणि आजकालचीही नाही. पितृपक्षात कुणाच्या दारी बँड वाजत नाही. हे लग्नसराईतलं आहे. नाना नाहीसे झाले तेव्हाचं."

"बँड कुठेही वाजतो."

"वाजतो. पण मी तुम्हाला फक्त नवीन कडवं म्हटलं होतं. त्यात नदी आहे, नवऱ्याला शोधणारी बाई आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते कडवं तुम्ही ऐकलं होतं. समोर बसून ऐकलं होतं, या खोलीत. शेजारच्या कार्यालयाचा बँड आत येत होता."

छगन फौजदारांकडे पाहू लागला.

"फोन करून घाबरवायचं मला," ती पुढे म्हणाली, "म्हणजे मी धावत चौकीवर जाणार. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर विहिरी कोण उपसणार?"

"आणि या स्टुडिओमागे एक विहीर आहे," फौजदार म्हणाले. "फळ्या टाकलेली."

छगन खाली बसला.

"कॅसेटवर गीत-संगीत म्हणून माझं नाव छापलं होतं," तो म्हणाला. "तो भांडायला आला. म्हणाला, जळगावला स्टेजवर नवीन कडवं म्हणतो, लोकच ठरवतील गाणं कुणाचं. मी म्हटलं, म्हणून दाखव, टेप करू. म्हणून दाखवलं त्यानं. मग मी टेप ठेवून घेतली. तो हिसकायला आला, इथल्या जिन्यावर झटापट झाली... मी ढकललं, साहेब. मान मोडली त्याची."

संध्याकाळी विहिरीच्या फळ्या निघाल्या. शेवंताबाई काठावर उभी होती. प्रेत वर आलं, तिनं कपड्यांवरून ओळखलं, पण रडली नाही. बेबाबाईचा दंड तिनं घट्ट धरला.

"बहीन," ती म्हणाली, "आते तरी कॅसेटवर त्यासनं नाव येई का?"

बेबाबाईनं तिच्या हातावर आपला हात ठेवला.

दिवाळीनंतर जळगावात कार्यक्रम झाला. गर्दीनं त्याच गाण्यासाठी ओरडा केला. बेबाबाईनं वादकांना हातानं थांबवलं, माईक जवळ ओढला आणि सांगितलं, हे गाणं साक्रीच्या जीवरामचं आहे. पहिल्या रांगेत मोकळ्या कपाळानं बसलेल्या शेवंताबाईनं पदर डोक्यावर सारखा केला, आणि शेजारच्या अनोळखी बाईला हलकेच म्हणाली, "मना घरना माणूस."