घरातलीच तीन माणसं

"तुमच्या वडिलांना पाण्यातून आल्या आल्या वाकू देऊ नका. घोट्याचा पट्टा तुम्हीच खाली बसून काढा."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, शेजारच्या स्टँडला सायकल टांगता टांगता एक अनोळखी माणूस मला हे सांगत होता. बोटांना ग्रीस, कपाळालाही ग्रीस.

"आमचे बाबा चाळीस वर्षं पोहायला शिकवतायत," मी फणकारले. "तुम्ही तुमची चेन बघा."

"बघतो…" तो हसला. "तुमचीही सैल आहे."

राग आला. चेन खरंच सैल होती, म्हणून जास्तच!

ट्रायथलॉन कौटुंबिक होती. घरातलीच तीन माणसं हवीत, नियमच तसा. एकानं तलावात पोहायचं, दुसऱ्यानं सायकल मारायची, तिसऱ्यानं धावायचं. वेळ मोजणारा पट्टा एकाच्या घोट्यावरून दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. आमच्याकडे बाबा, मी आणि दादा. बाबा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. एकदा तरी तिघांनी मिळून शेवटची रेघ ओलांडायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. शेजारच्या टीममध्ये त्या ग्रीसवाल्याची आई, तो आणि त्याची ताई. गेल्या वर्षी ते दुसरे आले होते. यंदा पहिलंच यायचं, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती.

सकाळी बाबा पाण्यातून सहावे बाहेर पडले. पोरासारखे पळत स्टँडपाशी आले. मी हेल्मेट चढवत होते. "थांबा बाबा, मी काढते —" म्हणेपर्यंत ते पट्ट्यासाठी वाकले… आणि तसेच पुढे कलंडले.

माझ्याआधी ग्रीसनं काळे झालेले दोन हात पोचले. त्यानं बाबांना अलगद खाली बसवलं, डॉक्टरांना हाक मारली, पट्टा सोडवला आणि थेट माझ्या घोट्याला बांधला. मग पट्ट्याखाली बोटं सरकवून बघितली.

"दोन बोटं जातात. घट्ट नाही ना?"

माझा सगळा जीव त्या घोट्यात गोळा झाला होता. "मी… मी नाही जाणार."

"जा गं!" बाबा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ओरडले. "मला काय झालंय? चाळीस वर्षं लोकांची पोरं पुढे ढकलली, आणि घरचंच अडून बसलंय!"

"जा तुम्ही. मी बसतो यांच्याजवळ."

"पण तुमच्या आई येतील ना आता?"

"थांबेल ती. गेल्या वर्षी इथंच तिला अशी भोवळ आली होती… म्हणून तर काल सांगत होतो."

मी कशी सायकल मारली, देव जाणे. परत आले तर बाबा खुर्चीत, गळ्यात टॉवेल, आणि डॉक्टरांनाच श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते! शेजारचा स्टँड रिकामा होता. डॉक्टरांनी 'ठीक आहे' म्हटल्यावरच तो निघाला होता… अकरा मिनिटं उशिरा.

"दुसऱ्या नंबरावरून आता थेट शेपटाला," त्याची ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पाच महिने पहाटे उठतेय मी!"

शेवटच्या वळणावर दादा आमच्यासाठी थांबला. बाबा आमच्या दोघांच्या मध्ये चालत रेघेपलीकडे गेले. मी मात्र मान वळवून रस्त्याकडेच बघत होते. दादाच्या ते लक्षात आलं. त्यानं त्याच दिवशी त्या ग्रीसवाल्याला नाव ठेवलं — 'दोन बोटं'.

त्यानंतर माझी सायकल फार बिघडू लागली.

"चेन उतरतेय," मी त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात तिसऱ्यांदा म्हटलं.

त्यानं पायडल फिरवून बघितलं. "चेनला काहीही झालेलं नाही."

"मग ब्रेक असेल."

"ब्रेकही उत्तम आहे." तो हात पुसत बसला. एकच बोट, पुन्हा पुन्हा. "एक विचारू? पुढच्या वर्षी… आमच्या टीममध्ये याल?"

"कसं येणार? घरातलीच माणसं लागतात. नियम आहे."

"माहीत आहे नियम." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणूनच… विचारतोय."

पायडल आपलं फिरतंच होतं. मी ते हातानं थांबवलं. ग्रीस लागलं, लागू दे.

"एक बोलू का मध्ये?" टायरांच्या ढिगामागून ताईचा आवाज. "माझे गुडघे गेलेत. घ्या बाई माझी जागा, आणि सुटका करा!"

घेतली.

त्याला आता तीन वर्षं झाली. येत्या रविवारी पुन्हा शर्यत आहे. सासूबाई पोहणार, मी सायकलवर, 'दोन बोटं' धावणार. तो म्हणतो, मी उगाच काळजी करते. करते! एकदा नव्हती केली, तेव्हा काय झालं ते बघितलंय मी.

तुम्ही बघायला येणार असाल, तर एक काम कराल? पाण्याजवळच्या तिसऱ्या बाकावर गळ्यात टॉवेल घातलेले एक आजोबा असतील, मांडीवर पिवळ्या टोपीतली दहा महिन्यांची मुलगी. टोपीच्या बंदाखाली दोन बोटं जातात, मी चारदा बघितलंय. पण मी रस्त्यावर असताना त्या आजोबांपाशी एक चक्कर मारा. "मला काय झालंय?" म्हणतील. ऐकू नका. आणि पोरगी खुळखुळा सारखा खाली टाकते… तो तुम्ही उचला. बाबांना वाकू देऊ नका.