वरची कवळी

सकाळी गाडीवाला मापं आणून टाकायचा आणि धाकट्याचा दिवस सुरू व्हायचा. मापं म्हणजे तोंडांची. दात गेलेल्या माणसाच्या तोंडात दवाखान्यातले लोक गुलाबी लगदा दाबून धरतात, तो घट्ट झाला की अलगद काढतात, ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालतात आणि वर एक क्रमांक चिकटवून कवळ्यांच्या कारखान्याकडे पाठवतात. नाव नाही, गाव नाही, बाई की बुवा तेही नाही. धाकटा त्यात प्लास्टर ओतायचा, साचा सुटला की त्यावर मेण चढवायचा आणि मेणात एकेक दात रोवायचा. संध्याकाळी त्याच्या टेबलावर कोणाकोणाचं हसू तयार असायचं आणि तो स्वतः मात्र दिवसभर कोणाशी धड चार शब्द बोललेला नसायचा.

त्याला चांगलं खरं नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतंच. घरात तो धाकटा आणि भाऊ थोरला. थोरला घरी राहिला, आईला आणि दुकानाला बघत. धाकटा परदेशी आला. करार संपेपर्यंत देश सोडायचा नाही, सोडलास तर परत घेणार नाही, असं कारखान्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि त्याने मान डोलावली होती. तेव्हा मान डोलवायला काही वाटलं नव्हतं.

निघण्याआधी त्याने घरी केलेलं शेवटचं काम म्हणजे आईची वरची कवळी. तो शिकाऊ होता आणि व्हिसा हातात आल्यामुळे जमिनीवरून चार बोटं वर चालत होता. आईच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा होता, बोराएवढा. अशा टाळूवर कवळी करताना तिथे आतून पोकळी सोडावी लागते, नाहीतर ती उंचवट्यावर डुगडुगते आणि हिरडीला घासते. धाकट्याने पोकळी सोडली नाही. आईने आरशात पाहिलं, "झकास बसली रे," म्हणाली, आणि तो विमानात चढला. त्यानंतर ती कवळी बहुतेक पेल्यातच राहिली. दातांविना फोनवर आईचे निम्मे शब्द हवेत जायचे. दोघांपैकी कोणी त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

तो दर रविवारी दुपारी फोन करायचा. अलीकडे आई फोनवर येईनाशी झाली होती. "आत्ताच डोळा लागलाय तिचा," थोरला सांगायचा. कधी ती शेजारी गेलेली असायची, कधी अंघोळीला. धाकट्याला ते पटायचं. खरं तर तो पटवून घ्यायचा, कारण पटलं नाही असं म्हटलं की पुढे तिकीट काढावं लागतं.

असंच एका सकाळी त्याने एक साचा सोडवला आणि हातात धरून बसून राहिला.

टाळूच्या पुढच्या भागात कातडीच्या बारीक सुरकुत्या असतात. बोटांच्या ठशांसारख्याच, एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. समोरच्या साच्यातली एक सुरकुती डावीकडे वळून फुटली होती. मधोमध बोराएवढा उंचवटा होता. आणि उजव्या हिरडीवर एक चरा होता, डुगडुगणारी कवळी घासून पडावा तसा, अगदी तिथेच.

हे तोंड त्याने एकदा घडवलं होतं. तो उठून मुख्य बाईंकडे गेला. मुख्य बाई म्हणजे कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणाऱ्या, पण कामात केसभरही चूक न सोडणाऱ्या.

"हे कोणाचं आहे, दवाखान्यात विचारता येईल?"

"का?"

"ओळखीचं वाटतंय."

"या कामात मुरलास की सगळीच ओळखीची वाटतात," बाई म्हणाल्या. "आपलं काम तोंडं बनवायचं. माणसं दवाखान्याची."

त्यालाही ते खरं वाटलं. जगात उंचवटे काय कमी असतात? सुरकुती फुटायची ती फुटते. आई इथून दोन समुद्र पलीकडे होती आणि तिचं पारपत्रसुद्धा नव्हतं. त्याने साचा फळीवर मागे सरकवला आणि दुसरं काम ओढलं. पण त्या रविवारी त्याने थोरल्याला पहिल्या वाक्यालाच धरलं.

"दादा, आईला दे. झोपली असेल तर उठव."

थोरल्याने फोन हाताने झाकला. मग म्हणाला, "घे, बोल."

"कसा आहेस रे बाळा? जेवतोस ना वेळेवर?" आवाज बसका होता, आईचाच. "तब्येत सांभाळ. माझी काळजी करू नकोस. काम सोडून येऊ नकोस हं."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. गाणं गुणगुणत त्याने आठवड्याचे कपडे धुतले. शेवटचा सदरा पिळताना त्याचा हात थांबला. आईचा एकही शब्द हवेत गेला नव्हता. सगळे शब्द कडक, इस्त्री केल्यासारखे आले होते. त्याने ओठ आत मुडपून तीच वाक्यं म्हणून पाहिली. तशी ती येईनात.

तरी त्याने पुन्हा फोन केला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे कबूल करण्यापेक्षा कपडे वाळत घालणं सोपं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच क्रमांकाचं माप परत आलं. दवाखान्याने ते नव्याने घेऊन पाठवलं होतं. सुरकुत्या त्याच, उंचवटा तोच, पण हिरड्या खचल्या होत्या. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं, त्याला वर्षं लागतात. इथे आठवड्यात झिजलं होतं. आणि इतकं झिजलेलं त्याने जिवंत माणसात कधी पाहिलं नव्हतं.

तो हात न धुताच जिन्यात गेला आणि थोरल्याला फोन लावला.

"दादा, रविवारी कोण बोललं?"

पलीकडे नळ वाहत होता. तो कोणीतरी बंद केला.

"तुझी वहिनी," थोरला म्हणाला. "रुमाल धरला होता तोंडावर."

"आई?"

"गेली. उन्हाळ्यातच गेली. इतक्या लांबून येऊन तू काय करणार होतास? करार मोडला असता, सगळं मुसळ केरात. म्हटलं, संपू दे त्याचं, मग सांगू."

"मला कळवायचं नाही, हे कोणी ठरवलं?"

"तीच म्हणाली. धाकट्याला कळवू नका म्हणून."

"बोलता येत होतं तिला?"

"पुटपुटायची. दिवसभर एकच काहीतरी. तोंडात दात नाहीत, कवळी टिकत नव्हती, नीट समजायचं नाही. पण आम्हाला कळत होतं ना काय म्हणायचंय ते."

मग वहिनी फोनवर आली. आता ती स्वतःच्या आवाजात बोलत होती. "भाऊजी, तुमच्याच भल्यासाठी होतं हो. मला नाही आवडलं ते, पण यांनी ऐकलं नाही."

धाकट्याने फोन बंद केला. आधी संताप आला. मग जिन्याच्या कठड्याला धरून तो रडला. आणि रडून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, ते सगळ्यात वाईट होतं. आईनेच नको म्हटलं होतं. तिने बोलावलंच नव्हतं, मग आपण गेलो नाही यात आपलं काय चुकलं? या एका वाक्याच्या आधारावर तो जिना चढून परत टेबलाशी आला. ते वाक्य खरं असायलाच हवं होतं.

साचा समोर होता. कोणाचा, हे त्याने आता कोणालाच विचारलं नाही.

त्याने उंचवट्यावर पातळ पत्र्याची चकती ठेवली, म्हणजे तेवढी पोकळी सुटते. वरून मेण चढवलं. दात निवडायला त्याने अख्खा खण उपसला आणि किंचित पिवळट, आईच्या वयाला शोभतील असे काढले. चऱ्याच्या जागी कड बोटाने चाचपत घासली, पुन्हा चाचपली, पुन्हा घासली.

"कोणाचं लग्न आहे का?" मुख्य बाईंनी विचारलं.

"बसली पाहिजे," तो म्हणाला.

बाईंनी कवळी उलटसुलट केली, बोट फिरवलं आणि पाठवायच्या पेटीत ठेवली.

दोन दिवस त्या क्रमांकाचं काही आलं नाही. तिसऱ्या सकाळी गाडीवाला पिशव्या घेऊन थेट त्याच्या टेबलाशी आला. गाडीवाला बोलघेवडा माणूस, त्याच परक्या शहरात जन्मलेला. धाकट्याच्या भाषेचं नावही त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"ती तुझी कवळी बसली बरं का," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. आजीबाईंनी घातली आणि जी बोलायला लागली, थांबेचना."

धाकट्याने हातातलं मेण खाली ठेवलं.

"काय बोलली?"

"कोणाला कळतंय? डॉक्टरलाही कळेना. एकच सारखं सारखं म्हणत होती. माझं तर पाठ झालंय."

ती दिसते कशी, हे धाकट्याला विचारायचं होतं. विचारवलं नाही.

गाडीवाल्याने डोळे मिटले. त्याचे ओठ किंचित आत गेले. मग एकही अक्षर न चुकता तो म्हणाला,

"थोरल्या, धाकट्याला बोलाव. त्याला बघितल्याशिवाय मी जायची नाही."

कोपऱ्यात कोणाचं तरी यंत्र चालू होतं. ते चालूच राहिलं.

"शिवी आहे का रे?" गाडीवाल्याने विचारलं.

"नाही."

"मग काय?"

धाकट्याने मेण पुन्हा हातात घेतलं. गाडीवाल्याने खांदे उडवले आणि एक पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "खालचीही हवी म्हणे तिला. काल संध्याकाळीच माप घेतलंय. रात्रभर गाडीत होतं, थंडीत, जरा बघून घे बिघडलंय का."

धाकट्याने कापड उलगडलं.

माप कोमट होतं.